चि. ताईस, तुझ्या रोबोटच्या लिफ्टविषयी

फैजपूर, रविवार रात्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झालीस, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. दुकान बंद करून आता सावकाश लिहितो. तुझा व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. तुमच्या रोबोटची लिफ्ट वजन घेऊन वर छान जाते. मग थबकते, मोटर घूं करते आणि सगळं खाली घसरतं. तो आवाज मी रोज ऐकतो, बेटा. केळीच्या मळ्यातून आलेली जाम मोटर अशीच घुमते, आणि उघडली की आत वाइंडिंग जळालेलं असतं.

मोटर फिरते तेव्हा तीच आतून उलटा व्होल्टेज तयार करते, त्याने करंट आवरला जातो. ती जागीच अडली की आवर सुटतो आणि करंट सर्वांत जास्त खेचला जातो. वजन वर धरून ठेवताना तुमची मोटर अडलेलीच असते. तापणारच ती.

तुमचा हिशेबही पाहिला. दीड किलो वजन, 2 सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम, म्हणून मोटरला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 3 किलो-सेंटिमीटर धरलास. पण तुमची दोरी कॅस्केड पद्धतीने ओवलेली आहे, म्हणजे एक टप्पा वर सरकला की तोच पुढच्याला ओढतो; असे सरकते टप्पे, म्हणजे स्लाइड, तीन. ड्रमवर एक इंच दोरी गुंडाळली की वरचं टोक तीन इंच चढतं, मग ताणही तिप्पट पडतो. म्हणजे 9 झाले. स्लाइडचं वजन आणि घर्षण वेगळंच.

आबा मोटेचं सांगायचे, आठवतं? धाव उताराची करायची, म्हणजे बैल खाली जाताना त्यांचं वजनही नाडा ओढायचं. तुमच्या मोटरलाही असा जोडीदार द्या: रबरी नळी नाहीतर स्थिर ताणाची स्प्रिंग, स्लाइडचं वजन तोलेल एवढी. स्पर्धेतला सामना अडीच मिनिटांचा. तो संपला की मोटरचा करंट बंद होणार. तेव्हाही लिफ्ट वरच राहायला हवी असेल तर वर्म गिअरचा, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या गिअरचा, विचार करा. वेग कमी होईल, पण दात असे बसतात की वजन गिअरला उलटं फिरवू शकत नाही.

माझ्या उजव्या तळव्यावरचा पांढरा वण तू लहानपणी बोट फिरवून विचारायचीस. तू दोन वर्षांची होतीस. विहिरीतून पंप काढायचा होता, चेन कप्पी आणायचा मी कंटाळा केला आणि साध्या कप्पीवर दोर धरला. पंप काठापर्यंत आला. पाइपाला क्लॅम्प लावायच्या आत दोर तळव्यातून सरसर गेला, कातडी घेऊन. चेन कप्पी असती तर साखळी सोडली तरी पंप जागचा हलला नसता. खाली विहिरीत कोणी नव्हतं, एवढंच देवाने राखलं. म्हणून लिफ्ट वर असताना खाली कुणीही हात घालायचा नाही. आधी लाकडाचा ठोकळा लावायचा. हे मैत्रिणींनाही सांग.

पुढच्या रविवारी जळगावला येतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणतो, वजन धरल्यावर मोटर किती करंट खेचते ते दोघं मोजू. आईने बिबड्या बांधून ठेवल्या आहेत.

तुझे पप्पा