किल्ट, बूट आणि लेगिंग्जच्या सदोष संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वेस्ट हायलँड वे पदभ्रमणासाठी विकत घेतलेला 'हायलँड संच' सदोष निघाल्याबाबत

महोदय,

यंदाच्या मे महिन्यात तुमच्या कंपनीबरोबर आम्ही अकरा जण स्कॉटलंडमधली वेस्ट हायलँड वे ही लांब पायवाट चालायला गेलो होतो. सहलीच्या पैशांव्यतिरिक्त २६,४०० रुपये भरून मी तुमच्याकडून 'हायलँड संच' घेतला. त्यात एक किल्ट (स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात तो चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कपडा), एक जोडी दणकट बूट आणि किल्टखाली घालायच्या दोन लेगिंग्ज होत्या. तिन्ही वस्तू वाटेत निकामी ठरल्या आणि शेवटचा टप्पा मला चालता आला नाही. ३ जूनला फोन केला तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, "काका, किल्ट म्हणजे लग्नसमारंभाचा कपडा, डोंगरात असं होणारच." हे ऐकल्यावर गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी कराडला शिंपीकाम करतो. दुकानाला ३१ वर्षं झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेच्या बँडपथकाचे किल्ट शिवून द्यायचं काम आलं होतं, तेव्हापासून या कपड्याचं मला वेड आहे. ज्या मुलखातला हा कपडा, त्याच मुलखात तो घालून चालायचं हे मनात धरून मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले. तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलेलं कारण मला मान्य नाही.

किल्ट डोंगरातल्याच लोकांचा कपडा आहे. ब्रिटिश सरकारने १७४६ मध्ये कायदा करून हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात तो टिकला तो सैन्यातल्या हायलँड पलटणींमुळे. पहिल्या महायुद्धात या पलटणी किल्ट, जाड बूट आणि पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या अशा वेषात खंदकांत उतरल्या. तिथे त्रास झाला, नाही असं नाही. चिखलाने जड झालेल्या चुण्या थंडीत गोठायच्या आणि त्यांच्या कडांनी गुडघ्यामागची कातडी कापायची. तरी बुटांवर किल्ट घालून माणसं मैलोन्‌मैल चालली. आजही तिकडे डोंगर चढणारे लोक किल्टखाली जाड लोकरी मोजे आणि बूट घालतात, थंडी असली तर आत पातळ लोकरी लेगिंग्ज. जुन्या वळणाच्या लोकांना लेगिंग्ज खटकतात हे मला माहीत आहे. पण तिथल्या गवतात आणि नेच्यांत गोचिडी असतात, त्या चावून लाइमचा आजार होतो. उघड्या पोटऱ्यांनी त्या गवतातून जाण्यापेक्षा लेगिंग्ज शंभरपट बऱ्या. म्हणजे संचाची तुमची कल्पना बरोबरच होती. माल खोटा होता.

आता एकेका वस्तूबद्दल.

किल्टच्या पावतीवर "शुद्ध लोकर, ८ वार" असं छापलंय. परत आल्यावर मी दुकानात तो उसवला. आतल्या शिवणीतून एक दोरा काढून काडी लावली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. तुमचा दोरा आक्रसून वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला आणि वास आला जळक्या कागदाचा. हे टेरी रेयॉन, म्हणजे पॉलिएस्टर आणि रेयॉनचं मिश्र कापड आहे, आमच्याकडे पँटपीसच्या गठ्ठ्यात असतं ते. मग सगळ्या चुण्या उलगडून मेजरटेप लावली. पावणेपाच वार भरलं. चांगल्या किल्टच्या चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत एकेक करून टाचलेल्या असतात आणि मागे कॅनव्हासचा आधार असतो. तुमच्या किल्टला फक्त कमरपट्टीवर मशीनची एक टीप, बाकी सगळी इस्त्रीची करामत. पहिल्या पावसात चुण्या मोडल्या आणि मागे नुसता झोळ राहिला.

मापाचीही तीच गत. तुमच्या अर्जात जीन्सच्या कमरेचं माप मागितलं होतं. जीन्स खाली कंबरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीपाशी बांधायचा असतो. दोन्हींच्या मापात फरक पडतोच, आणि लांबीसुद्धा त्याच जागेवरून धरायची असते. मी त्याच वेळी ईमेल करून विचारलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. जमिनीवर गुडघे टेकून बसलं की किल्टची कड जमिनीपासून इंचभर वर राहायला हवी, म्हणजे उभं राहिल्यावर ती गुडघ्याच्या मध्यावर येते आणि बुटांनी उडालेला चिखल तिथवर पोचत नाही. माझा किल्ट गुडघ्याखाली चार इंच उतरत होता. शेवटच्या भोकात पट्टा ओढूनही तो कमरेत सैल. सैल म्हणून तो खाली घसरायचा, आणि पाठपिशवीच्या कमरपट्ट्याखाली त्याची बक्कल बरोबर हाडावर रुतायची. उजव्या बाजूचा तो व्रण अजून गेलेला नाही.

लेगिंग्जवर "मेरिनो लोकर" (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर) असं लेबल आहे. काडीची परीक्षा तिथेही केली, निघाली पॉलिएस्टर. पहिले दोन दिवस ऊन होतं, हवा कोरडी होती. प्रत्येक पावलाला किल्ट लेगिंग्जला चिकटायचा आणि मांड्यांमध्ये गोळा व्हायचा. कापड हाताने सोडवताना बारीक चटचट आवाज यायचा. दर शंभर पावलांवर थांबून पुढची झडप खाली ओढायची, असं मी वाट सुरू होते त्या मिलगायपासून लॉक लोमंड सरोवराच्या काठापर्यंत केलं. लेगिंग्जच्या घोट्यापाशी जाड दुमड आहे, ती बुटाच्या गळ्यात बरोबर टाचेवर यायची. दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही टाचांना फोड आले होते.

चौथ्या दिवसापासून पाऊस लागला. ब्रिज ऑफ ऑर्कीहून किंग्जहाउसला जाताना रॅनोक मूर ओलांडावं लागतं. दलदलीचं उघडं पठार, आडोसा कुठे नाही. लोकर भिजली तरी अंगाला ऊब राहते. हे टेरी रेयॉन पाणी पिऊन गार पडलं, फडक्यासारखं पोटऱ्यांना लपेटलं, आणि वारा आला की पुढची झडप थेट छातीपर्यंत उडायची. किंग्जहाउसला एक वयस्क स्कॉटिश गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांच्या अंगावर हिरवा जाड किल्ट, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे आणि खूप वापरलेले बूट होते. मी शिंपी आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून एक चुणी उलटून आतली बाजू दाखवली. हातटाके होते, एकसारखे, एका इंचात दहा-बारा. कापड वाराला १६ औंसाचं, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचं असावं, माझ्या हाताला तेवढं कळतं. वरून थेंब झटकले तर आत कोरडं. मग त्यांनी माझ्या किल्टची कड दोन बोटांत धरली, जरा चोळली आणि काही न बोलता सोडून दिली.

सर्वांत मोठी तक्रार बुटांची. फेब्रुवारीत देतो म्हणून सांगितलेले बूट निघायच्या आठ दिवस आधी हातात पडले. तरीही आगाशिवच्या डोंगरावर दोनदा जाऊन मी ते पायात बसवून घेतले. सहाव्या दिवशी डेव्हिल्स स्टेअरकेसची चढण होती, माथा सुमारे ५५० मीटरवर. किनलॉकलेवन गावाकडे उतरताना डाव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला. तळ आणि चामडं यांच्यामधला पिवळट थर ब्रेडच्या चुऱ्यासारखा हातात आला. हा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या फोमचा) थर दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की न वापरताही आतून कुजतो. बुटाच्या जिभेमागच्या पट्टीवर बनवल्याचं साल २०१६ आहे. गोदामात पडून राहिलेला माल तुम्ही "नवे, खडतर वाटांसाठी" म्हणून विकलात. ओल्या दगडांच्या उतारावर तळ सुटणं ही जिवावरची गोष्ट आहे. मी नाडीने बूट बांधून खाली आलो. तुमचा गटप्रमुख, तो मुलगा भला होता, त्याने स्वतःची चिकटपट्टी दिली. पण जादा बुटांची जोडी तुम्ही त्याच्याकडे दिलेली नव्हती, आणि माझ्या मापाचे बूट गटात कुणाकडे नव्हते.

एकूण वाट १५४ किलोमीटर. त्यातले शेवटचे २४ राहिले. मी किनलॉकलेवनहून बसने फोर्ट विल्यमला गेलो. जिथे वाट संपते तिथे पाय चोळत बसलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. त्याच्याशेजारी मी कोरड्या कपड्यांत दुपारभर थांबलो आणि बाकीचे दहा जण चालत येताना पाहिले. ती दुपार मला परत मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्या मागण्या अशा. संचाचे २६,४०० रुपये या पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत परत करावेत. जाहिरातीतले 'शुद्ध लोकर', 'मेरिनो' आणि '८ वार' हे शब्द ताबडतोब काढावेत. आणि ऑगस्टमध्ये तुमचा पुढचा गट निघतो आहे, त्यातल्या प्रत्येकाच्या बुटाचं साल तपासून २०१६ चे बूट परत घ्यावेत. पैशांना दोन दिवस उशीर झाला तर एक वेळ चालेल, बुटांचं काम आजच्या आज करा. हवं तर त्या गटाची किल्टची मापं मी विनामूल्य घेऊन देईन, कराडहून पुण्याला यायची माझी तयारी आहे.

मुदतीत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे ते काम साताऱ्यात होईल.

सोबत पावतीची प्रत, उसवलेल्या किल्टचे आणि बुटाच्या पट्टीचे फोटो, आणि तळाचा चुरा एका पिशवीत पाठवला आहे. किल्ट आणि बूट माझ्या दुकानात ठेवले आहेत, तुमच्या माणसाने केव्हाही येऊन पाहावेत.

आपला,
हायलँड संचाचा एक ग्राहक, कराड