लेन्सच्या डबीसोबत

सोलापूर
मंगळवार, रात्री

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

काल पहाटे तुझी हुतात्मा एक्स्प्रेस सुटली. घरी येऊन बघते तर बेसिनवरच्या फळीवर तुझी लेन्सची उभी डबी तशीच. मी तीन फोन केले, तू उचलले नाहीस. नंतर मेसेज केला, तर "माहीत आहे" एवढंच उत्तर आलं. माहीत असेलच, तरी आधी ते लिहिते. बॅगेत जी बाटली आहे तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. ते जुन्या चपट्या डबीत घालू नकोस. उभ्या डबीच्या तळाशी जी चकती असते, तिच्यामुळेच सहा तासांत त्याचं साधं खारं पाणी होतं. चकती नसेल तर सकाळीही ते पेरॉक्साइडच राहतं आणि डोळ्यात गेलं तर आग होते. डबी पोचेपर्यंत लेन्स घालू नकोस, चष्म्यावर भागव.

डोळे चोळण्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही, असं मी पप्पांना कबूल केलंय.

रविवारी नानी, मोना, तिच्या सासरचे सगळे चहाला बसलेले असताना मी तुझं मनगट धरलं. तू एकवीस वर्षांचा झालास, तुला ते लागलं असणार. चुकलं माझं. पण तू लेन्स काढून बोटांच्या पेरांनी असा रगडत होतास, की तो ओला चिकचिक आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. तो आवाज मी तू तिसरीत असल्यापासून ओळखते रे.

तेव्हा तुझ्या शाळेच्या शर्टाची डावी बाही कायम चिकट असायची. मार्चचा फुफाटा सुटला की तुझे डोळे लाल व्हायचे, कोपऱ्यातून पांढरी तार दोऱ्यासारखी निघायची. मला वाटायचं खोड आहे. हातावर चापट मारायचे मी. सहावीत एका औषधाच्या दुकानातून थेंब आणले, आणि दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मला देवच पावला. चार महिने मी चिठ्ठीशिवाय तेच घालत राहिले. त्यात स्टेरॉइड होतं. डॉक्टर मॅडमनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, वाढलेलं होतं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आई, यानं काचबिंदू होतो." परतीच्या एस.टी.त तू माझ्या मांडीवर झोपलास आणि मी बार्शी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. म्हणून सांगते, पुण्यात डोळे कितीही खाजले तरी दुकानदाराच्या सांगण्यावरून थेंब घेऊ नकोस. नाव वाचून, चिठ्ठी असेल तरच.

मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, मिसरूड फुटलं की ॲलर्जी कमी होईल. झालीही. पण तोवर चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता, आणि डोळ्याचा तो लाल-निळा नकाशा हातात आला तेव्हा कळलं की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे येतोय. आधीच अर्ध्या मिलिमीटरचा पडदा, तुझा डावा 440 मायक्रॉनवर, म्हणजे 0.44 मिलिमीटरवर आला होता. चोळण्यानं तो आणखी पातळ होतो. सी-थ्री-आरच्या, म्हणजे कॉर्निया घट्ट करायच्या उपचाराच्या दिवशी तू अर्धा तास पिवळे थेंब आणि अर्धा तास तो निळा प्रकाश न हलता सोसलास. बाहेर आल्यावर पप्पांना म्हणालास, "भूक लागली." त्यानं आजार बहुतेक वेळा थांबतो, पण चोळत राहिलं तर पुन्हा वाढू शकतो. हे बघ, लिहिणार नव्हते, लिहिलंच.

आप्पांचा डोळा तू पाहिलास. मळणीत ज्वारीचं कूस गेलं, घरात कुणी काही, कुणी काही घातलं, आणि फूल पडलं. लहानपणी मी त्यांच्या त्या बाजूला बसत नसे. ते आता आठवलं की झोप लागत नाही.

लेन्सचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नवीन लेन्स घालून तू गच्चीवर गेलास आणि म्हणालास, "आई, कडुनिंबाची पानं वेगवेगळी दिसतात." त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले, तुला सांगितलं नाही. आणि उजवी लेन्स बाथरूममध्ये पडली तेव्हा सगळे ओरडत होतो, तू मात्र दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवलास, आणि दारामागे एक ठिपका चमकला. मुलगा मोठा झाला असं तेव्हा वाटलं.

फक्त नळाखाली धुऊ नकोस. पूर्वी हार्ड लेन्स नळाखाली धुवायला सांगायचे हे खरं, तू म्हणालास ते बरोबर. पण पाण्यात अकॅन्थामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. एकदा कॉर्नियात घुसला की महिनोन् महिने औषध घालावं लागतं. आपल्याकडे चार-चार दिवस टाकीत साठवलेलं पाणी, तुमच्या हॉस्टेलची टाकी कुणी कधी धुतली देव जाणे. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे कर, मग लेन्सला हात. रात्री क्लीनरनं तळहातावर हलकेच चोळ (लेन्स चोळायला माझी ना नाही) आणि सलाइननं धुऊन मगच डबीत. तुझ्या डोळ्यांत चिकट स्राव जास्त, तो लेन्सवर थर धरतो. संध्याकाळी धुरकट दिसतं ते त्यामुळे. नंबर वाढला म्हणून घाबरायचं नाही, आधी लेन्स साफ करून बघायची. तरी धुरकट राहिलं, किंवा लेन्स पापणीबरोबर वर ओढली जाते असं वाटलं, तर मॅडमना वरची पापणी उलटून बघू दे. आत पुरळ येतो, आपल्याला दिसत नाही.

आधीचं सोल्यूशन तुला सोसलं नाही ते त्यातल्या टिकवणाऱ्या रसायनामुळे, म्हणून हे पेरॉक्साइड. महाग आहे, पण पैशांचा विचार करून जुन्यावर जाऊ नकोस. पप्पांनी बाजूला ठेवलेत. ॲलर्जीचे थेंब सकाळी लेन्सच्या आधी, मग पंधरा मिनिटं थांबायचं. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठ. परीक्षा असली तरी.

पुरे. पुन्हा शाळा घेतली मी तुझी. रागावू नकोस.

खाज सुटली की लेन्स काढ, स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच मिनिटं ठेव. लहानपणी मी ठेवायचे तसा. तेव्हा तू माझं बोट धरून पडायचास आणि विचारायचास, "झाली का पाच?"

पार्सलमध्ये डबी, पेरॉक्साइडची नवी बाटली, दोन रबरी सक्शन, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. नव्या बाटलीबरोबरही एक डबी आहे, ती बाटली उघडलीस की तिच्यासोबतची डबीच वापर, जुनी डबी टाकून दे. चटणी खाऊन झाली की हात दोनदा धू, तिखट नखात राहतं. त्या दिवशी लेन्स काढायला सक्शनच वापर.

पार्सल मिळालं की नुसतं "मिळालं" लिही. रविवारी फोन केलास तर मी डोळ्यांचं विचारणार नाही, डाव्याचं कसं आहे ते तूच सांग.

तुझी,
आई