एक ताट जास्तीचं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "सणासुदीला तिकडे घरात कोण असतं गं तुझ्यासोबत?" मी काहीतरी सांगून विषय बदलला. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

इथे पोलंडमध्ये, आमच्या व्रोत्स्वाफ शहरात, नाताळचा खरा सण 24 डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्याला विगिलिया म्हणतात. 2025 पासून त्या दिवशी सरकारी सुट्टीही आहे. दिवसभर सगळे जवळजवळ उपाशी असतात. चारच्या सुमारास अंधारतं, पोरं खिडकीला नाक लावून पहिली चांदणी शोधतात आणि ती दिसली की मग पानं वाढायची. बारा पदार्थ, आणि त्यात मांस अजिबात नाही. बीटचं आंबटसर सार, त्यात मशरूम भरलेल्या चिमुकल्या करंज्या, कोबीचे पिएरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हण), सुक्या फळांचं पेय. मासा मात्र चालतो, मुख्य म्हणजे कार्प. पूर्वी तो जिवंत आणून बाथटबमध्ये ठेवायचे. त्याचा एक खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा टिकतो म्हणे. बाबा, तुमच्यासाठी एक मागून ठेवीन.

टेबलक्लॉथखाली मूठभर वाळलेलं गवत पसरतात आणि एक ताट जास्तीचं मांडतात. आमच्या घरमालकीण आजी मला दरवर्षी या जेवणाला बोलावतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, ते ताट माझंच. पण माझं वेगळं होतं. ते रिकामं ताट अवचित येणाऱ्या पाहुण्याचं, असं आज सांगतात. जुनी समजूत अशी की त्या रात्री घरातली गेलेली माणसं येऊन बसतात. खेड्यांत तर बसण्याआधी खुर्चीवर फुंकर घालायचे, चुकून कुणा आत्म्यावर बसायला नको म्हणून! चर्चला जाणारी ही माणसं चर्चच्याही आधीच्या गोष्टी इतक्या सहज सांभाळतात, की कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

मार्चमध्ये तर गवताची एक बाहुलीच जाळून नदीत सोडतात. ती माझान्ना, म्हणजे हिवाळा आणि मरण दोन्ही. 1420 च्या सुमारास पोझनानच्या धर्मसभेने ही प्रथा बंद करायला सांगितलं होतं. आज शाळेतली पोरं शिक्षकांबरोबर ती करतात. यावरून काय ते समजा.

आणि 1 नोव्हेंबर. आई, हा दिवस तुला आवडेल. सगळं गाव कबरस्तानात जातं, शहरात जादा ट्रॅम सोडतात. कबरी आधीच धुऊन-पुसून ठेवलेल्या असतात, त्यांवर काचेच्या झाकणातले दिवे आणि शेवंतीच्या कुंड्या. संध्याकाळी अख्खी टेकडी उजळलेली दिसते. रडारड फारशी नसते. लोक भेटतात, बोलतात, लहान मुलं दिवे मोजतात. शेवंती मात्र इथे कबरींवरचं फूल, त्यामुळे कुणाच्या घरी जाताना ती नेत नाहीत. तू आलीस की वेणीचा हट्ट धरू नकोस.

आता पाकिटातल्या वस्तूविषयी. कागदासारखी जी पांढरी पातळ पापडी आहे, तो ओप्वातेक. नुसतं मैदा आणि पाणी, वर नाताळचं चित्र उमटवलेलं. जेवणाआधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. परदेशातल्या नातेवाइकांना तो असाच पत्रातून पाठवतात. 24 ला तुमच्या साडेआठला मी फोन करीन, तेव्हा तुम्ही दोघांनी एकमेकांचा मोडून खा. पोस्टात तुकडे झाले असतील तरी चालतं.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. आजींकडे त्या रात्री एक गोड पदार्थ असतो: शिजवलेला गहू, मध, निळसर खसखस आणि अक्रोड. नाव कुत्या. हसू नका. पहिल्या घासाला मला आपली खपली गव्हाची खीर आठवली. हा पूर्वेकडचा पदार्थ, पूर्वी मृतांसाठीही करायचे. 1945 नंतर पोलंडची सरहद्द सरकली, ल्वूफकडच्या (आता युक्रेनमधलं ल्विव) पोलिश लोकांना इकडे यावं लागलं आणि येताना ते तो घेऊन आले. आजींचे आईवडील त्यांतलेच. आणि आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 जे पाचेक हजार पोलिश लोक राहिले, त्यांतले बहुतेक त्याच पूर्व भागातले. सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं होतं, तिथून ते इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. महावीर उद्यानातला तो स्तंभ त्यांचाच. मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला नकाशावर कोल्हापूर दाखवायला लावलं आणि मग विचारलं, तिथे गहू मिळायचा का? खसखस? मी म्हटलं, दोन्ही मिळायचं.

तेव्हा गांधीनगरच्या बाजूला, वळिवड्यात, जुनी माणसं अजून असतील तर विचारून पाहा ना, पोलिश बायका नाताळला काय रांधायच्या ते. काही कळलं की लगेच कळवा. आजी रोज विचारतात.

तुमची,
धाकटी