नावाआधीचा शब्द

प्रिय बाळा,
जय भीम.

परवा रात्री तू फोनवर विचारलंस ते डोक्यातून जात नाही. होस्टेलवर मैत्रिणींबरोबर ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा जुना अमेरिकन सिनेमा पाहिलास. त्यातली थप्पड सगळ्यांना कळली, पण पोलीस ठाण्यातल्या त्या एका ‘मिस्टर’चं एवढं काय, असं तुझं म्हणणं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तो प्रसंग पुन्हा आठव. मिसिसिपीतलं छोटं गाव, रात्री एका कारखानदाराचा खून झालेला. स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या काळ्या माणसाला पोलीस उचलून आणतात. पाकिटात नोटा आहेत एवढाच त्याचा गुन्हा. तो निघतो फिलाडेल्फियाचा, खुनांचा तपास करणारा पोलीस अधिकारी, आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट पगार घेणारा. हे कळल्यावरही ठाणेप्रमुख गिलेस्पी त्याला ‘बॉय’ म्हणतो, त्याच्या ‘व्हर्जिल’ या नावाला हसतो आणि विचारतो, तिकडे तुला काय म्हणतात? तेव्हा त्याचं काम करणारा काळा नट सिडनी पॉइटिए ते वाक्य टाकतो. तिकडे मला मिस्टर टिब्स म्हणतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा रीतच होती. काळा माणूस साठीचा असला तरी ‘बॉय’, फार तर नुसत्या नावाने हाक. म्हातारा झाला की ‘अंकल’. ‘मिस्टर’ मात्र नाही. आणि त्याने गोऱ्या माणसाला, अगदी कोवळ्या पोरालाही, ‘सर’ म्हणायचं.

तू कायदा शिकतेस, तर एक खटला शोधून वाच: हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेन गावी मेरी हॅमिल्टन नावाची, काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतली काळी तरुणी कोर्टात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारू लागला. गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस्टर’, ‘मिस’, ‘मिसेस’, आणि हिला नुसतं ‘मेरी’. मला मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं. न्यायाधीशाने उत्तर द्यायला फर्मावलं, तरी ती हलली नाही. कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बघ, एका ‘मिस’साठी प्रकरण देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं. सिनेमा आला त्याच्या तीन वर्षांनी, १९६७मध्ये. थिएटरात बसलेल्या काळ्या माणसाला ‘मिस्टर टिब्स’ ऐकताना काय वाटलं असेल, ते या खटल्यावरून मला थोडंफार कळतं.

थोडंफार म्हणतो, पण खरं तर मला ते आधी घरात कळलं होतं.

तुझे पणजोबा वाड्यासमोरून जाताना ‘जोहार मायबाप’ घालत. आजोबांनी १९५६नंतर ते सोडलं, आणि सोडल्याची किंमत मोजली. पण नाव त्यांच्या हातात नव्हतं. चांगलं देवाधर्माचं नाव, गावाने शेवटी ‘या’ जोडून त्याचं वाटोळं केलं होतं. वाड्यातलं दहा-बारा वर्षांचं पोरगं ओट्यावरून त्या तोडक्या नावाने ‘ए’ करून हाक मारायचं, आणि माझा बाप, चार लेकरांचा बाप, ‘जी मालक’ म्हणत धावायचा. मी शेजारी उभा असायचो. मला तेव्हा त्या पोराचा राग यायचा नाही, बापाचा यायचा. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

थप्पड मोठीच आहे, मी नाही म्हणत नाही. काचघरात ऑर्किडं जपणारा कापसाच्या मळ्यांचा मालक टिब्सला मारतो आणि टिब्स तिथल्या तिथे परत मारतो. पण त्या दृश्यात माझी नजर सरबताचा ट्रे धरून उभ्या असलेल्या काळ्या नोकरावर जाते. त्याला त्याच घरात राहायचं आहे. उद्या सकाळी पुन्हा तीच हाक.

पॉइटिएलाही हे पडद्यापुरतं नव्हतं. १९६४मध्ये तो आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे काळ्यांच्या मतदार नोंदणीच्या चळवळीसाठी रोख पैसे घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेले, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. म्हणून दक्षिणेत चित्रीकरण नको, असं त्याने सांगितलं. मिसिसिपीची गोष्ट बरीचशी उत्तरेत, इलिनॉयमधल्या गावात चित्रित झाली. पुढे काळ्यांच्या चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली म्हणून ऑस्कर समारंभ दोन दिवस पुढे ढकलला, आणि १० एप्रिल १९६८ला हा त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरला. गिलेस्पी झालेल्या रॉड स्टायगरला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. पॉइटिएला नामांकनसुद्धा नव्हतं. मला हे अजून पटत नाही.

शेवट पुन्हा नीट बघ. गिलेस्पी टिब्सची बॅग स्वतः उचलून गाडीपर्यंत आणतो. तुला तिथे रडू आलं म्हणालीस. मलाही येतं. पण निरोप घेताना तो काय हाक मारतो? व्हर्जिल. आता त्यात माया आहे, तरी ‘मिस्टर’ काही त्याच्या तोंडून येत नाही.

आता आजोबांचं राहिलेलं सांगतो. मी औरंगाबादला मिलिंद कॉलेजात आलो आणि घरी पहिलं आंतर्देशीय पत्र टाकलं. पत्ता लिहिताना ‘श्री.’ लिहून आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे ‘यांस’ लिहिलं. आमचा पोस्टमन पारावर उभा राहून पत्ते मोठ्याने वाचायचा, आणि छापील असो की हाताने लिहिलेलं, आहे तसंच वाचायचा. त्या दिवशी पारावर आजोबांचं नाव पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं.

मजकूर फारसा नव्हता, मेसचे पैसे मागितले होते. आजी सांगायची, आजोबा पत्र घ्यायला पुढे झालेच नाहीत. पोस्टमनने दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उठले.

त्या महिन्यात मी आणखी तीन पत्रं टाकली.

तुझे,
बाबा