खुनी कोण ते आईला सांगू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की बारीक टाईप आता दिसत नाही, पुस्तकं कपाटातच बरी. ते काही मनातून जाईना. म्हणून फोनवर बोलायचं सोडून लिहितेच आहे. (आई मोठ्यानं वाचून दाखवेल.)

गेले काही दिवस ऑफिसच्या बसमध्ये अगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ॲट द व्हिकारेज’चं ऑडिओबुक ऐकतेय. १९३० सालचं, खुनांचा छडा लावणाऱ्या मिस मार्पलची पहिली कादंबरी. ही म्हातारी त्याआधी १९२७ मध्ये एका कथेत येऊन गेली होती, पण सेंट मेरी मीड गावात खऱ्या अर्थानं बस्तान बसलं ते इथे. तुमच्या कपाटातली पिवळी पडलेली प्रत मी कॉलेजात असताना वाचली होती, त्यामुळे खुनी माहीत होता. तरीही कान टवकारून ऐकलं.

त्याचं कारण सांगते. वाचताना आपण म्हाताऱ्यांच्या चहापानाची पानं भराभर उलटतो, कधी एकदा प्रेत सापडतंय असं होतं. ऐकताना ती सोय नाही. प्राइस रिडलेबाई, मिस हार्टनेल, मिस वेदरबी या सगळ्यांचं कुचुकुचू पूर्ण ऐकावं लागतं, आणि मग कळतं की अर्धी केस त्या गप्पांतच पडली आहे. कोण कोणाकडे किती वाजता गेलं, कोणत्या गल्लीनं गेलं, अंगावर काय होतं. मिस मार्पल बागेत झाडांशी खुडबुड करत बसलेली, पक्षी बघायची दुर्बीण हाताशी, आणि तिच्या बागेवरून गेल्याशिवाय पाद्र्याच्या घरी मागच्या बाजूनं जाता येत नाही! एका बाईच्या हातात पर्स नव्हती, हे ती सहज सांगून जाते. आई, हे तुझ्याही नजरेतून सुटलं नसतं.

गोष्ट सांगतो तो पाद्रीच. जेवताना वातड बीफ कापता कापता म्हणतो, त्या कर्नल प्रोदेरोला कोणी मारलं तर जगावर उपकारच होतील. आणि लवकरच तो कर्नल ह्याच्याच अभ्यासिकेत, ह्याच्याच टेबलाशी गोळी लागून मेलेला. टेबलावरचं घड्याळ पडून सहा बावीसला थांबलेलं. गंमत म्हणजे ते घड्याळ कायम पाव तास पुढे असतं, पाद्रीबुवांना वेळेवर निघता यावं म्हणून. आपलं स्वयंपाकघरातलं पुढे असतं तसंच! बिचारा ते इन्स्पेक्टर स्लॅकला सांगायला तोंड उघडतो, पण स्लॅक त्याला बोलू देईल तर शपथ. छापील पानावर मला हे एवढं जाणवलं नव्हतं. कानात मात्र त्या उर्मट इन्स्पेक्टरचा मनसोक्त राग येतो.

एक अडचण आहे, नावं फार. ख्रिस्तीबाईंनी स्वतःच आत्मचरित्रात कबूल केलंय की यात पात्रं आणि उपकथानकं जरा जास्तच झाली. पुस्तकात मागचं पान उलटून बघता येतं, इथे मागे सरकवत बसावं लागतं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं लिहून ठेवा.

आई, ‘इंग्रजी आहे गं ते’ म्हणू नकोस. तुझं इंग्रजी चांगलं आहे, बोलायला लाजतेस एवढंच. त्या चहाच्या टेबलावरचं सगळं तुला आधी कळेल, बाबांना उशिरा.

बाबांच्या फोनवर मी हे ऑडिओबुक इथूनच घेऊन ठेवलंय. वेग थोडा कमी केलाय. दुपारी ऐकताना झोप लागते, म्हणून अर्ध्या तासानं आपोआप बंद होईल असंही करून देईन, पुढच्या फोनवर सांगते कसं ते. इयरफोन नको, स्पीकरवरच लावा, म्हणजे दोघांना ऐकू येईल.

बाबा, तुम्हाला शेवट माहीत आहे. मध्येच खाकरायचं नाही, मिश्किल हसायचं नाही. आणि आई, तुझा संशय कोणावर आहे ते मला व्हॉट्सॲपवर कळव, बाबांना विचारू नकोस.

तुमची,
मनू