दुपारच्या डब्यासाठी उकडलेली अंडी

रामबाग, इंदूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, की कामाच्या गडबडीत दुपारी कधी बिस्किटांवर, तर कधी नुसत्या चहावर भागवतेस. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्या मुलीने रोज भाजी-पोळीचा साग्रसंगीत डबा करावा, असे मी म्हणणार नाही. परंतु आठवड्यातून दोनदा चार-चार अंडी उकडून ठेवलीस, तर सकाळी दहा मिनिटांत पोटभरीचा डबा होतो. वडोदऱ्याच्या घरमालकीणबाईंना स्वयंपाकघरात अंडी चालतील का, हे तू राहायला जाण्यापूर्वीच विचारून घेतलेस, ते फार चांगले केलेस. तुझ्या आजीच्या हयातीत आपल्या घरीही अंडी मागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर आणि वेगळ्या पातेल्यातच उकडली जात. एक कान तुटलेले ते जर्मनचे पातेले मी अजून जपून ठेवले आहे आणि अंड्यांसाठी आजही तेच वापरते.

उकडण्यासाठी अगदी ताजी अंडी घेऊ नकोस. आणून सात-आठ दिवस फ्रिजमध्ये राहिलेली घे. अंड्याच्या टरफलाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, त्यांतून आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो, त्यामुळे पांढऱ्या भागाची आम्लता कमी होते आणि मग टरफलाखालचा पापुद्रा त्याला घट्ट धरून राहत नाही. अंडी उकळण्यापूर्वी दहा मिनिटे फ्रिजबाहेर काढून ठेव, म्हणजे ती सहसा तडकत नाहीत. पाण्याला आधी खळखळून उकळी येऊ दे, मग एकेक अंडे डावात घेऊन अलगद सोड, आच मध्यम कर आणि घड्याळ लावून 11 मिनिटे मोज. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाक. गॅसवर जास्त वेळ राहिले, तर पांढऱ्या भागातले गंधक आणि बलकातले लोह एकत्र येऊन बलकाभोवती हिरवट कडे धरते आणि उग्र वास सुटतो. खाण्यास ते अपायकारक नसते, पण डबा उघडल्यावर तो वास नकोसा वाटतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला कढत येते, त्यात अंडी निवत नाहीत, माठातले किंवा बर्फाचे पाणी घे आणि एकदा बदल. सोलताना रुंद टोकाकडून सुरुवात कर, कारण तिथे हवेची पोकळी असते आणि पापुद्रा चटकन हाती लागतो.

आता जपण्याविषयी, कारण इथे माझ्या हातून एकदा मोठी चूक झालेली आहे. तू चौथीत असताना मी मे महिन्यातल्या शिबिरासाठी सकाळी सातला दह्यात कालवलेली अंडी तुझ्या डब्यात भरली, तू ती दुपारी एकला खाल्लीस आणि रात्रभर उलट्यांनी बेजार झालीस. तुझा तो पांढराफटक चेहरा मी विसरलेली नाही. म्हणून नीट लक्षात ठेव: उकडलेली अंडी टरफलासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, सोललेली त्याच दिवशी संपवावीत, आणि फ्रिजबाहेर ती दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, कडक उन्हाळ्यात तर एक तासदेखील पुष्कळ झाला. ऑफिसात पोचताच डबा तिथल्या फ्रिजमध्ये ठेव आणि वाटेत त्याच्याशेजारी गोठवलेली पाण्याची लहान बाटली असू दे. उकडलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने तारीख लिही, म्हणजे कच्च्यांत मिसळणार नाहीत.

तुला आवडेल असा प्रकार म्हणजे अंड्याची गुंडाळलेली पोळी. दोन अंडी काट्याने जाडसर कुस्कर, त्यात दोन चमचे चक्का, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घाल, वरून जिरावण मसाला भुरभुर आणि हे सारण पोळीत गुंडाळ. आपल्या इंदुरी जिरावणात आमचूर आणि काळे मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ हात राखून घाल. काळ्या मिठाच्या वासाचे उकडलेल्या अंड्याशी इतके जमते, की मला तर पोह्यांपेक्षाही जिरावण अंड्यावरच अधिक आवडते. हेच सारण बनपावात भरलेस, तर आपल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या बेंजोची आठवण येईल, जरी त्यात आम्लेट असते. रात्रीचा भात उरला असेल, तर कांदा-लसणाच्या फोडणीवर हळद-तिखट लावलेली अर्धी-अर्धी अंडी परतून त्यात मिसळ. मटकीची उसळ असेल, तर तिच्यात नुसत्या फोडी टाकल्या तरी चालते.

एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय ब-12 आणि ड जीवनसत्त्वे असतात. मात्र क जीवनसत्त्व आणि चोथा त्यात नसतो. तेवढ्यासाठी काकडी, गाजर आणि लिंबाची फोड रोज सोबत ठेव. लिंबू तिथेच पिळ, आधी पिळलेस तर पोळी ओली होते.

पुढच्या आठवड्यात मावशी वडोदऱ्याला येत आहे. तिच्याबरोबर जिरावणाची बरणी आणि घट्ट झाकणाचे दोन लहान डबे पाठवीत आहे. पहिल्या चार अंड्यांची टरफले नीट निघाली की नाही, ते मला जरूर कळव.

तुझी,
आई