फिजिओ ताई, आईला विचारल्याबद्दल थँक्यू

ताई,

समोर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहूनच टाकते.

आई घरात पडली त्यानंतर आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, वय झालंय, जपून राहा, जमेल तेवढं चाला. एकांनी तर आई समोर बसलेली असताना मला विचारलं, "यांना जिना चढता येतो का?" आई खरंच जपून राहायला लागली, म्हणजे खुर्चीतून उठेनाशीच झाली आणि पायातली होती ती ताकदही जायला लागली. त्या लोकांचा राग अजून गेलेला नाही माझा.

आणि मग तुम्ही. मी फाइल उघडून सांगायला लागले तर तुम्ही हातानंच थांबवलंत, स्टूल ओढून आईच्या अगदी समोर बसलात आणि विचारलंत, "काकू, तुम्हाला एकटीनं काय करता यायला हवंय?" आई माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही म्हणालात, "नाही, तुम्हीच सांगा, मला घाई नाहीये." आणि खरंच थांबलात हो, मोबाइलकडे बघितलं नाहीत, घड्याळाकडे नाही. मग आई हळूच म्हणाली, "अंघोळीला आतून कडी लावायचीय." पडल्यापासून दार लोटलेलं आणि बाहेर कोणीतरी उभं, हे तिला किती लागत होतं ते तिनं कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

त्या एका कडीवरून तुम्ही अख्खा व्यायाम बसवलात. मांड्यांसाठी हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, टाचा उचलायच्या, हातात थोडं वजन, तोलासाठी भक्कम आधार धरून एका पायावर उभं राहायचं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायचं, खांदे आणि घोटे मोकळे करायचे, आणि चालणं आहेच. नुसत्या चालण्यानं दम टिकतो, पण पाय अडखळला तर सावरायला तोलाची सवय लागते आणि मांडीत जोरही लागतो, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही! पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, स्नायूही कमी होत जातात, त्यामुळे पडणं त्यांना जास्त महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलंय की ६५ च्या पुढे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम तर हवाच, शिवाय निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचा एकत्र व्यायाम हवा. आणि आम्हाला सल्ला मिळाला होता तो "जपून".

पण खरं सांगू, व्यायामाचा तक्ता दुसरंही कोणी देऊ शकलं असतं. म्हाताऱ्या बाईला तिचं मत विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे फार कमी लोक करतात, शिकलेले तर त्याहून कमी. अशी माणसं भेटली की बरं वाटतं हो, नुसत्या पेशंटलाच नाही, घरातल्या सगळ्यांनाच.

आता आई कडी लावते. बाहेर कोणी उभं राहिलेलं तिला चालत नाही, आतून ओरडते, "जा तिकडे!" एरवी जिना मोजत चढते, कठड्याला हात फक्त उतरताना.

आणि तिनं निरोप दिलाय, हातातलं वजन आता हलकं वाटायला लागलंय, पुढच्या वेळी वाढवून द्याल का?